सावली ठेव

फहाहीलच्या दुकानात शिनोज
काचेखाली एकेक फोटो ठेवतो, आणि खालून उजेड सरकतो
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
तांदळातले खडे शोधताना बावांची बोटं सरकतात तसा.

छत्तीसांतले बावीस सुटे. चौदा एकमेकांना चिकटलेले.
ओढू नकोस, मी आधीच सांगून ठेवलंय.
पाण्यात भिजू देत, आपापले सुटतील,
न सुटले तर राहू देत जोडीनं.
कॅमेरा सात महिने तांदळाच्या पिंपात होता.
फोटो त्यानंतर खेडला, पत्र्याच्या पेटीत, दमट.
मी नोकरीला आले तेव्हा बॅगेत घालून
परत आणले, निघाले होते त्याच गावात.

पाठीवर बॉलपेन. एवढं दाबून
की पुढून माणसांच्या कपाळावर उमटलंय.
चहा संपला.
दाऊद अम्मानकडे निघाला.
पाव, सव्वादोन तास.
तारीख कुठेच नाही. तारीख मी अंगावरून लावते:
दाढी वाढते, गालाची हाडं वर येतात,
पट्टा एक भोक आत गेला, तो फोटो नंतरचा.

लहानपणी मी यांत रणगाडा शोधायचे.
एकही नाही.
खिडक्यांवर तपकिरी टेपच्या फुल्या.
जिन्याखाली गाद्या, गाद्यांवर पाच जण
पत्ते धरून हसतायत.
युद्धात हसतात? मी विचारलं होतं.
बावा म्हणाले, डाव माझा होता.

एक तर नुसता काळा. आईनं फेकायला काढलेला.
शिनोजनं उजेड वाढवला
तर आत दोन पिवळे ठिपके, मग बॉनेट,
मग खजुराचं झाड.
भर दुपार. तेलाच्या विहिरी जळत होत्या
आणि कोणीतरी दिवे लावून घरी चाललं होतं.

मग हा, बेकरीच्या रांगेतला.
बावा सत्तावीस वर्षांचे, काखेत रिकामी पिशवी,
डोळे उन्हानं बारीक.
आणि खालून त्यांच्या चपलांपर्यंत आलेली
लांब सावली, दोन्ही कोपरं बाहेर.

चेची, हा डाग काढू का, शिनोज म्हणतो,
एका मिनिटाचं काम आहे.

इतकी वर्षं मी बावांकडेच पाहत होते.

खेडला फोन लावला. फोटो कॅमेऱ्यासमोर धरला.
बराच वेळ तिकडून पंख्याचाच आवाज.
मग म्हणाले, ते अबू निझार.
वरच्या मजल्यावरचे. पॅलेस्टिनी. गणिताचे मास्तर.
रोज दोन खुबूस जास्त आणायचे आणि मला द्यायचे,
म्हणायचे, हिशेब चुकला.
गणिताच्या मास्तरांचा हिशेब
सात महिने रोज चुकत होता.

आणि मग?

मग युद्ध संपलं.
उन्हाळ्यात त्यांना जावं लागलं. तेव्हा त्यांच्यातल्या
कितीकांना जावं लागलं.
सामान खाली नेत होते.
मी घरात होतो. कडी लावून.
त्यांच्याशी बोलताना कोणी पाहिलं तर, असं वाटलं.
पावलं मोजली मी. अठरा पायऱ्या.
नवव्या पायरीनंतर थांबली होती,
माझ्या दाराशी.

हे कुठल्याच फोटोच्या पाठीवर नव्हतं.

शिनोजचं बोट माऊसवर तसंच.
सावली ठेव, मी म्हटलं. कोपऱ्यातला चरा काढ हवा तर.
आणि प्रती दोन.
दुसरी कुणाला, त्यानं विचारलं नाही.
मलाही ठाऊक नव्हतं.

घरी आले. नियम माझेच:
हात कोरडे, कडेला धरायचं,
पाठीवर मऊ पेन्सिल, दाब न देता.
बावांना सांगितलं, नाव लिहून ठेवते.
ते म्हणाले, पेनानं लिही.
उमटेल बावा, पुढच्या बाजूला.
उमटू दे.

फोटो खिडकीशी उजेडाला धरला,
मागून सावली कुठे येते ते पाहिलं,
आणि नेमकं तिथं
दाबून लिहिलं.